ओळ संपली की थांबायचं

मार्च संपत आला की माझं डोकं फिरायला लागतं. खामगावात माझ्या टायपिंग क्लासच्या दारात परीक्षेला बसणाऱ्या मुली पिशव्या छातीशी धरून उभ्या असतात, रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असतं, कुलरच्या गवताचा ओला वास खोलीभर पसरलेला असतो, आणि आलेली प्रत्येक बाई म्हणते, किती छान वास आहे, लहानपण आठवतं. मला त्या वासानं छान काही आठवत नाही. मला पिंपळगाव राजा या गावातल्या आमच्या घराची बाहेरची खोली आठवते, तिच्यावरचे पत्रे आठवतात, आणि कुलूप लावलेल्या लाकडी पेट्यांत घरघरणारे ते संगणक आठवतात. जुन्या वस्तूंवर जीव टाकणाऱ्या माणसांची मला चीड आहे. जुना रेडिओ, जुनं घड्याळ, ठीक आहे, ठेवा दिवाणखान्यात आणि पुसत बसा. पण जुन्या संगणकाबद्दल कुणी हळवं व्हायला लागलं की मी सरळ उठून जाते.

यंदा उठून जाता आलं नाही, कारण हळवा झालेला माणूस फोनवर होता. आमचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ.

"पोरी, ते कम्प्युटर माळ्यावर पडून हायेत. भंगारवाला येऊन राह्यला सारखा. मी देल्ले नाई त्याले."

"काऊन नाई देल्ले?"

"इतल्या ताकदीच्या मशीनी भंगारात द्याच्या का? तुह्ये आजकालचे डबडे, हातावर ठेवले त वजनच लागत नाई. त्याईच्यात काय असते?"

मी फोन ठेवला. इतकी वर्षं गेली, माणूस ऐंशीला टेकला, पण त्या मशीनींची ताकद काही त्यांच्या तोंडातून जात नाही. त्याच आठवड्यात मी एक पिशवी भरली. तिच्यात माझ्या क्लासचा नवा संगणक टाकला, जो डब्याच्या झाकणाएवढा आहे, एक छोटा पडदा आणि कीबोर्ड टाकला, आणि प्लगमध्ये खोचून विजेचा आकडा दाखवणारे दोन मीटर टाकले. भांडायला जायचं तर रिकाम्या हातानं जाऊ नये असं मला वाटतं.

मोठेबाबांना मोटरी कळतात, हे मी त्यांच्या तोंडावरही कबूल करते. विहिरीवर कोणती मोटर बसवायची, पाइप किती इंची घ्यायचा, वाइंडिंग जळालं की नुसतं तापलं, हे गावातली माणसं त्यांनाच विचारायला येत. ते मोटरीच्या अंगावर तळहात ठेवत, मान तिरपी करून आवाज ऐकत आणि निकाल देत. तो निकाल बहुतेक बरोबर निघे. त्यामुळे झालं असं की वायर जोडलेली आणि आवाज करणारी जगातली प्रत्येक वस्तू त्यांना मोटरच वाटू लागली.

मी संगणकाचा कोर्स करून घरी आले होते आणि बाहेरच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढायचं ठरलं होतं. मशीनी अर्थातच मोठेबाबा घेणार होते. खामगावच्या दुकानात नवे संगणक होते, त्यांच्या प्रोसेसरवर दोन गिगाहर्ट्झच्या आसपासचा आकडा होता. अकोल्यात कुठल्याशा ऑफिसातून निघालेले जुने होते, त्यांच्यावर तीनचा आकडा होता. शिवाय ते उचलायला दोन माणसं लागत. मोठेबाबांना आणखी काही बघायची गरजच उरली नाही.

"तो आकडा ताकदीचा नाई मोठेबाबा," मी म्हटलं. "नवं मशीन करंट कमी खाते अन् काम जास्त करते."

"कमी खाते म्हणजे कमीच करन ना. तीन एचपीची मोटर पाच एचपीएवढं पाणी फेकते का, सांग मले."

दुकानदार हसला. मोठेबाबाही हसले. मी एकटीच तोंड पाडून उभी होते.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, आणि तो आकडा म्हणजे त्याचे सेकंदाचे ठोके. पण ठोके मोजून काम कळत नाही. आमच्या शेतात कापूस वेचायला बायका येतात. एकीचा हात सारखा झाडावर लवलवत असतो. दुसरी सावकाश वाटते, पण तिचा हात दरवेळी मूठ भरूनच येतो, आणि संध्याकाळी काट्यावर तिचंच ओझं जड भरतं. हे मोठेबाबा दर हंगामात स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. अकोल्याचे ते प्रोसेसर पहिल्या बाईसारखे होते. नुसती घाई, ठोक्यामागे काम थोडं, आणि त्या घाईपायी वीज मात्र ढोसायची. ढोसलेली वीज जाणार कुठे? तिची उष्णता होते. चुलीवर ठेवल्यासारखा तो डबा तापायचा.

आणि ही चूल आम्ही पेटीत बंद केली. त्या दिवसांत अंगणापलीकडे गहू-हरभऱ्याची मळणी चालू होती. थ्रेशरचं भुसकट उडून घरात, भाकरीवर, पापणीवर, सगळीकडे बसायचं. मोठेबाबांनी संगणकांकडे एकदा बघितलं आणि सुताराला बोलावलं. मोटरीच्या स्टार्टरला पेटी असते, मग यांना का नको? कडुनिंबाच्या फळ्यांच्या पेट्या झाल्या, वायरींपुरतं एक भोक, वर कडी आणि कुलूप. किल्ल्या मोठेबाबांच्या बंडीच्या खिशात. गावातली माणसं येऊन पेट्यांवर टिचक्या मारून बघत आणि काम पक्कं झालं म्हणत.

आता सुनंदा वहिनींबद्दल सांगते, कारण माझा सगळा राग त्यांच्यासाठी आहे. मशीन नुसती वाईट असती तर मी केव्हाच विसरले असते. वहिनी म्हणजे मोठेबाबांच्या मुलाची बायको. माहेर शेगावचं. लग्नाआधी त्या तिथे जुन्या टाइपरायटरवर मराठी टायपिंग शिकल्या होत्या. त्यांची बोटं चालायला लागली की पत्र्यावर बारीक गारा पडल्यासारखा एकसारखा आवाज यायचा. परीक्षा द्यायच्या आधीच लग्न झालं आणि नंतर ती परीक्षा संगणकावर गेली. तालुक्याच्या एका शाळेत लिपिकाची जागा निघणार होती, त्या शाळेत त्यांच्या माहेरची ओळख होती, आणि फक्त टायपिंगचं प्रमाणपत्र कमी होतं. मोठेबाबांनी हो म्हटलं, पण त्यांच्या पद्धतीनं.

"हा एक उन्हाळा. पास झाली त जाय नोकरीले. नाई झाली त पुन्हा नाव नाई काढाचं."

वहिनींनी मान हलवली. माझा चुलतभाऊ नेहमीप्रमाणे बाहेर बघत होता.

पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, मळणीच्या माणसांच्या भाकरी, असं करता करता वहिनींना मशीनपुढे बसायला दुपार व्हायची. नेमकी दुपार. वर पत्रे तापलेले, आत पेटी तापलेली, पेटीच्या आत तो प्रोसेसर तापलेला. असा फार तापलेला प्रोसेसर स्वतःच हळू होतो, जळू नये म्हणून. सकाळी बरी चालणारी मशीन दुपारी म्हातारीसारखी चालायची. वहिनी टाइप करून पुढे गेलेल्या असत आणि अक्षरं मागून एकेक करत पडद्यावर येत. फार पुढे गेल्या की मशीन टूं करून ओरडायची आणि मधली अक्षरं गिळून टाकायची. लाइट गेली की आणखी मजा. इन्व्हर्टरवर दोन मशीनी घेतल्या की तोही लगेच मान टाकायचा, इतकं त्यांचं खाणं होतं.

मोठेबाबा दारात खुर्ची टाकून बसत. त्यांनी टूं ऐकलं आणि त्यांना लगेच कळलं, कारण त्यांना मोटरी कळतात.

"घाई करून राह्यली तू. उन्हाळ्यात मोटरीले बी दम घेऊ द्या लागते, नाई त जळते. ओळ संपली की थांबाचं. अक्षरं येऊ द्याची. मंग दुसरी ओळ."

"मोठेबाबा, परीक्षेत कोणी थांबू देत नाई," मी म्हटलं. "पेटी उघडा, हवा लागू द्या. ते गरम होऊन राह्यलं."

"धूळ जाईन."

"किल्ली द्या एकदा."

"तू शिकव, मशीन मी पाह्यतो."

झालं, तो क्लासचा नियम झाला. ओळ संपली की थांबायचं. वहिनी ओळ टाइप करत, हात कीबोर्डवरून जरासे वर उचलत आणि अक्षरं येईपर्यंत तसेच अधांतरी धरून बसत. मग पुढची ओळ. मी सांगून पाहिलं, वहिनी, थांबू नका, गिळू द्या त्याला अक्षरं. पण मग छापून आलेल्या कागदावर अर्धे शब्द गायब असत आणि तो कागद मोठेबाबा दारातूनच मागून घेत.

एकदाच काय ते वेगळं घडलं. मोठेबाबा लग्नाला म्हणून नांदुऱ्याकडे गेले, किल्ल्या खिशात घेऊन. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, पेटीच्या बिजागऱ्या काढल्या, फळी बाजूला केली, आतलं भुसकट फुंकून काढलं आणि टेबलफॅन तिच्या तोंडाशी लावला. पेटीनं इतकं राखूनही भुसकट आत होतंच. त्या दुपारी वहिनींनी अख्खा उतारा एका दमात टाइप केला. अक्षरं बोटांबरोबर येत होती. शेवटचा शब्द झाला तेव्हा वहिनी स्वतःच्याच हातांकडे बघून हसल्या, आणि म्हणाल्या, "ताई, हे त शेगावसारखं झालं." मला इतका आनंद झाला होता की मी चहात साखर दोनदा टाकली आणि आम्ही तो तसाच प्यालो.

संध्याकाळी मोठेबाबा आले. त्यांनी मोकळी फळी बघितली, मला वहिनींदेखत नाही नाही ते बोलले, आणि सुताराला बोलावून बिजागऱ्यांना आणखी लांब स्क्रू मारून घेतले. "तुले काय माह्यत मशीनीतलं," हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. वहिनी आत भांडी घासायला निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा ओळ संपली की थांबत होत्या.

परीक्षा बुलढाण्याला होती. एसटी घाट चढली आणि वाऱ्याला जरा गारवा आला. वहिनींनी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले होते आणि त्यांची बोटं मांडीवरच्या पर्सवर हलत होती. मी बघितलं, ती बोटंही मधेच थांबत होती. परीक्षेची खोली थंड होती, मशीनी नव्या होत्या. मी बाहेर झाडाखाली उभी राहिले. वहिनी बाहेर आल्या तेव्हा रडत नव्हत्या, चकित झाल्यासारख्या दिसत होत्या.

"मशीन लय पुढं होती, ताई. म्या ओळ संपवली, पाह्यलं त अक्षरं आलेलीच. पण हात थांबूनच जाये. दर ओळीले थांबून जाये."

थोडक्यासाठी नापास झाल्या. निकाल आला तेव्हा मळणी संपली होती आणि पहिल्या वखरणीची घाई चालू होती. मोठेबाबांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, "तिच्या हातात जोर नाई." एवढंच. पण घराला ते वाक्य फार आवडलं. पापडाचं पीठ सैल झालं, तिच्या हातात जोर नाही. दळणाचा डबा सांडला, तिच्या हातात जोर नाही. नोकरीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुन्हा नाव काढायचं नव्हतं, वहिनींनी काढलं नाही. मी मात्र पुढच्याच वर्षी खामगावला खोली घेऊन वेगळा क्लास काढला आणि पहिली मशीन विकत घेताना दुकानदाराला विचारलं, ही तापते किती?

नव्यांचीही मी आरती ओवाळत नाही. त्यांनाही खूप कामाला जुंपलं की तापतात, आणि तापले की तेही हळू होतात. वाचवलेली वीज आणि वाढलेला वेग नवनवे प्रोग्राम बसल्या जागी खाऊन टाकतात. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी सांगायला येतं की तुमचं आता जुनं झालं. तो माणूस दारात आला की त्याच्याशी मी भांडते. पण निदान माझ्या क्लासमध्ये टेबलावर उघड्या हवेत मशीन असते आणि कुणाही मुलीला मी थांबायला सांगत नाही.

तर यंदा मी पिशवी घेऊन पिंपळगावला गेले. बाहेरच्या खोलीत आता खताची पोती असतात. एक पोतं सरकवून जागा केली, माळ्यावरून एक संगणक उतरवला. पेटीसकट. लांब स्क्रू गंजले होते, ते काढताना माझ्या हाताला फोड आला. मशीन चालू होईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती झाली, आणि तो घरघराट ऐकून मोठेबाबांचा चेहरा उजळला.

"पाह्य. अजून बी."

दोन्ही मशीनींना मी एकच काम दिलं. हल्ली ऑनलाइन अर्जांसाठी फोटो आणि सह्या लहान कराव्या लागतात, तसल्या फोटोंचा एक गठ्ठा. आधी जुना लावला. मीटरचा आकडा सुरुवातीलाच शंभराच्या पार गेला आणि कामाला लागल्यावर चढत राहिला. मोठेबाबांनी मान डोलावली, खातो म्हणजे ओढणार. चहा आला, चहा संपला, कपातली साय सुकली, तरी याचं चाललंच होतं. मग दुसऱ्या मीटरवर नवा लावला. आकडा विसाच्या आसपास घुटमळला, काम झालं, आणि झिरोच्या बल्बाइतका खाली येऊन बसला. मोठेबाबा अजून चष्माच पुसत होते.

"झालं?"

"झालं. ते अजून करूनच राह्यलं. अन् काम संपलं तरी ते शंभराच्या आसपास खात बसते."

"मीटर बिघडलं असन."

"मंग हात लावून पाह्या. तुमाले त कळते."

हे मी मुद्दाम म्हटलं. त्यांनी एक तळहात जुन्यावर ठेवला, एक नव्यावर, आणि सवयीनं मान तिरपी केली. मग जुन्यावरचा हात चटकन काढून घेतला. मी सांगितलं, सगळं सांगितलं. की तापल्यावर हा स्वतःच हळू होतो. की पेटीनं तो आणखी तापला. की वहिनी बसत त्या वेळी तो सकाळच्या निम्मासुद्धा चालत नसेल. की ती बिजागरी काढलेली दुपार खरी होती आणि बाकीचा सगळा उन्हाळा खोटा होता. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता.

"धूळ होती तवा," मोठेबाबा म्हणाले.

मी आत जाऊन वहिनींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, कीबोर्ड बघितला आणि मागे सरकल्या.

"नाई ताई. माह्या हातात काय जोर हाये आता."

त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि मला मोठेबाबांच्या खुर्चीला लाथ मारावीशी वाटली. मी वहिनींना खांद्याला धरून बसवलं. पुस्तक नव्हतं, लागलंही नाही. त्या उन्हाळ्यात रोज टाइप केलेला उतारा त्यांना पाठ होता, नदी आणि नदीकाठच्या गावाबद्दलचा. पहिल्या एक-दोन शब्दांना बोटं अडखळली. मग तो आवाज आला, बारीक गारांचा. अक्षरं बोट टेकताक्षणी उमटत होती. मोठेबाबांनी खुर्ची पुढे ओढली.

ओळ संपली. वहिनींचे हात कीबोर्डवरून जरासे वर आले आणि तसेच अधांतरी राहिले. पडद्यावर सगळी अक्षरं केव्हाच आलेली होती.

"थांबली काऊन?" मोठेबाबांनी विचारलं.

वहिनींनी मान वळवली नाही. मीठ किती घालू विचारावं इतक्या साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "दम घेऊ देते मशीनले, मामाजी."

जुना संगणक अजून घरघरत होता. मोठेबाबांनी वाकून त्याचं बटण शोधलं आणि तो बंद केला. खोली एकदम शांत झाली, कारण नव्याला आवाजच नव्हता.

"याले नाई लागत दम," ते म्हणाले. "तू लिही, सुनंदा. थांबू नको."

"हाव."

इतक्या वर्षांत मी कितीदा ठरवलं होतं की हा क्षण आला की मोठेबाबांचा चेहरा नीट बघून घ्यायचा. तो माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळ होता. मी बघितला नाही. मी वहिनींच्या हातांकडेच बघत होते. त्यांनी दुसरी ओळ घेतली, पहिलीपेक्षाही वेगानं, एकही चूक न करता, आणि ओळ संपताच ते हात पुन्हा वर उचलले गेले.